'गजरा' सह्याद्रीवर लागत नव्हता

दूरदर्शनवरच्या जुन्या मराठी कार्यक्रमांच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "सह्याद्रीवर 'गजरा' काय सुंदर लागायचा!" ऐकणारेही माना डोलावतात. 'गजरा' हा मनोरंजनाचा कार्यक्रम सुंदर होता यात वाद नाही, पण तो लागायचा तेव्हा सह्याद्री नावाची वाहिनीच नव्हती. होतं ते मुंबई दूरदर्शन केंद्र. ही दोन नावं आपण इतकी सरमिसळ करून वापरतो की त्यांच्यामध्ये वीसेक वर्षांचं अंतर आहे, हे लक्षातही येत नाही.

केंद्र आधीचं. दिल्लीत १९५९ साली दूरचित्रवाणी सुरू झाली आणि त्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, देशातलं दुसरं केंद्र मुंबईत आलं. वरळीचा तो उंच मनोरा, त्याखालचे स्टुडिओ, निर्माते, कॅमेरामन, नेपथ्य-वेशभूषेची माणसं, हे सगळं मिळून केंद्र. सुरुवातीला ते आकाशवाणीचाच भाग होतं. १९७६ साली दूरदर्शन वेगळं झालं.

आणि हे केंद्र फक्त मराठी नव्हतं, हे आज अनेकांना आठवत नाही. तबस्सुम यांचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' इथलंच, 'छायागीत' इथलंच, आणि गुजराती प्रेक्षकांसाठी 'आवो मारी साथे' सुद्धा. त्यांच्याच शेजारी 'आमची माती आमची माणसं', सुहासिनी मुळगावकर यांचं 'प्रतिभा आणि प्रतिमा', विनायक चासकर यांचा 'गजरा', दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांनी इथे मराठी बातम्या वाचल्या. मुंबई शहर जसं अनेक भाषांचं, तसंच त्याचं केंद्रही. वाहिनी एकच असल्यामुळे दादरच्या घरातही गुजराती कार्यक्रम आपोआप पाहिला जायचा. त्या सक्तीचा एक फायदा होता, असं मला आजही वाटतं.

मर्यादा मात्र मोठी होती. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी जिथवर पोचतील तिथवरच हे कार्यक्रम दिसायचे. पुण्याला सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे लवकर चित्र मिळालं, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक घरांना त्या काळचा 'गजरा' ऐकूनच माहीत. 'सगळा महाराष्ट्र तेव्हा टीव्हीसमोर बसायचा' असं लिहिणारे बहुधा मुंबई-पुण्याचे असतात!

सह्याद्री ही गोष्टच वेगळी. ती इमारत नाही, उपग्रहावरून दिसणारी मराठी वाहिनी आहे. नव्वदच्या दशकात केबलवर खासगी वाहिन्या आल्या आणि दूरदर्शनने प्रादेशिक भाषांसाठी उपग्रह वाहिन्या काढल्या. मराठीची १९९४ साली सुरू झाली, 'डीडी १०' अशा रुक्ष नावाने. 'सह्याद्री' हे नाव तिला पुढे मिळालं. तिच्यामुळे पहिल्यांदाच नांदेडपासून थेट दिल्ली-इंदूरच्या मराठी घरांपर्यंत एकच मराठी कार्यक्रम एकाच वेळी पोचू शकला. शिवाय तिच्यावर सगळं वरळीतच तयार झालेलं नसतं. पुणे आणि नागपूर केंद्रांचे कार्यक्रमही त्यात असतात.

मग गोंधळ झाला कुठे? वाहिनी नवी, पण ती चालवणारी माणसं, स्टुडिओ आणि पत्ता जुनाच. त्यातच तेच मराठी कार्यक्रम काही काळ दोन्हीकडे दिसत: अँटेनावाल्यांना दूरदर्शनच्या पहिल्या, म्हणजे राष्ट्रीय वाहिनीवर प्रादेशिक कार्यक्रमांसाठी राखलेल्या वेळेत आणि केबलवाल्यांना उपग्रह वाहिनीवर. बातम्या वाचायला तेच प्रदीप भिडे. पाहणाऱ्याने काय फरक करायचा? पुढे जुन्या कार्यक्रमांचे तुकडे सह्याद्रीच्या बोधचिन्हासह पुन्हा दाखवले गेले आणि कोपऱ्यातलं ते चिन्ह पाहून नव्या पिढीने सगळा इतिहासच वाहिनीच्या नावावर चढवला.

जाता जाता आणखी एक. 'सरकारी वाहिनी' हे बोलण्यात ठीक आहे, पण १९९७ पासून दूरदर्शन आणि आकाशवाणी दोन्ही प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाकडे आहेत. स्वायत्तता कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हा वाद वेगळा.

कलाकारांवरच्या लेखांत आणि श्रद्धांजल्यांमध्ये ही चूक सर्रास दिसते. खरं तर तपासणं सोपं आहे. काम १९९४ च्या आधीचं असेल तर 'मुंबई दूरदर्शन' एवढंच लिहावं. त्यानंतरचं असेल तर दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात: बनवलं कोणी आणि दाखवलं कुठे. निर्मिती नागपूर केंद्राची आणि प्रक्षेपण सह्याद्रीवर, असंही असू शकतं, आणि अशा वेळी श्रेय नागपूरच्या निर्मात्याचं असतं, वरळीचं नव्हे.