बोटीवरचे दिवे: रिलेऐवजी मॉसफेट

नांगरून ठेवलेल्या बोटीवर रात्रभर एक पांढरा दिवा लागतो. आता तो बहुधा एलईडीचा असतो, साधारण २ वॅटचा. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तो ०.१७ अँपिअर घेतो, म्हणजे बारा तासांत २ अँपिअर-तास. हाच दिवा मोटारगाडीत असतो तसल्या रिलेने, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या (कॉइलच्या) चुंबकाने चालणाऱ्या स्विचने, लावला, तर रिलेची कॉइल स्वतःसाठी सुमारे ०.१४ अँपिअर ओढत राहते. दिव्याला जेवढी वीज जाते, जवळपास तेवढीच तो नुसता चालू ठेवण्यात संपते. २५ वॅटच्या तारेच्या बल्बापुढे कॉइलचे पावणेदोन वॅट कुणाच्या लक्षात येत नसत. एलईडी आले आणि हा खर्च ठळक झाला.

साधं बटण काहीच वीज खात नाही, हे खरं. पण अंधार पडताच दिवा आपोआप लागावा, सुकाणूजवळून डोलकाठीवरचा दिवा नियंत्रित करता यावा, केबिनमधला उजेड मंद करता यावा, असं वाटलं की मध्ये ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा सिलिकॉनचा स्विच, येतोच. कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा.

जुन्या पद्धतीचा द्विध्रुवी ट्रान्झिस्टर घेऊ. २एन३०५५ हा त्यातला बहुतेकांना ठाऊक असलेला. त्याच्यातून ४ अँपिअर न्यायचे तर बेसला (नियंत्रणाच्या टोकाला) ०.४ अँपिअर द्यावे लागतात आणि तरीही त्याच्या दोन टोकांमध्ये १.१ व्होल्टपर्यंत विद्युतदाब अडकून राहू शकतो. हिशेब केला तर ट्रान्झिस्टरमध्ये ४.४ वॅटची उष्णता, आणि १२ व्होल्टवरून बेसला प्रवाह पुरवण्यात आणखी ४.८ वॅट. बल्बाचं नुकसान तर याहून मोठं. तारेच्या बल्बाचा उजेड दाबाच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो. १२ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले की उजेड जवळजवळ पाव हिश्शाने घटतो. डार्लिंग्टन जोडीला, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रान्झिस्टरांना, बेसचा प्रवाह कमी लागतो, पण तिच्यात अडकणारा दाब आणखी जास्त.

मॉसफेट या दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचं काम वेगळ्या तत्त्वावर चालतं. १९५९ मध्ये बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला आणि डॉन काँग यांनी तो प्रत्यक्षात आणला. त्याचं गेट, म्हणजे नियंत्रणाचं टोक, सिलिकॉनपासून ऑक्साइडच्या पातळ थराने अलग केलेलं असतं. गेटवर दाब दिला की त्याच्या विद्युतक्षेत्राने खालच्या सिलिकॉनमध्ये वाहक मार्ग तयार होतो, आणि तो टिकवायला गेटला सतत प्रवाह लागत नाही. मार्ग पूर्ण उघडला की उरतो फक्त अगदी लहान रोध. तो २० मिलिओहम धरला तर ४ अँपिअरला ०.०८ व्होल्ट अडकतात आणि ०.३२ वॅट उष्णता होते. एवढ्याला उष्णता पसरवणारी धातूची पट्टीही लागत नाही. मात्र प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि मॉसफेट तापला की त्याचा रोधही वाढतो, हे विसरू नये.

पुष्कळ जण एका जागी हमखास अडखळतात. माहितीपत्रकात ‘थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट’ असं दिसतं आणि ५ व्होल्टच्या नियंत्रकाने (गेटला इशारा देणाऱ्या चिपने) काम भागेल असं वाटतं. पण तो आकडा मार्ग उघडायला नुकती सुरुवात होते तिथला आहे, जेमतेम पाव मिलिअँपिअर वाहतो तेव्हाचा. आयआरएफझेड४४एन या मॉसफेटचा जाहीर केलेला कमी रोध गेटला १० व्होल्ट मिळाल्यावरचा असतो. ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडा राहून तापू शकतो. नियंत्रक ५ व्होल्टचा असेल तर त्या दाबावर रोधाची हमी देणारा आयआरएलझेड४४एनसारखा मॉसफेट घ्यावा.

इथवरचं गणित जमिनीवरही लागू आहे. बोटीवर त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तोडायची कोणती तार, धन की ऋण? एन-चॅनल (इलेक्ट्रॉनांवर चालणारा) मॉसफेट ऋण बाजूला बसवणं सगळ्यांत सोपं. पण मग दिवा बंद असतानाही त्याच्या टोकांवर धन दाब कायम असतो. खारट ओल साचली की तिच्यातून बारीक प्रवाह ऋण बाजूला जोडलेल्या धातूंकडे झिरपतो आणि धन बाजूचा धातू विरघळू लागतो. तांब्याची तार हिरवी पडते, आतून भुगा होते. हे दिवसरात्र चालू राहतं, कारण बंद दिव्यालाही दाब मिळतच असतो. म्हणून माझं मत ठाम आहे: बोटीवर धन तारच तोडावी.

त्यासाठी पी-चॅनल (धन विवरांवर चालणारा) मॉसफेट सोयीचा. सिलिकॉनमध्ये धन विवरं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, इलेक्ट्रॉनांपेक्षा मंद सरकतात, त्यामुळे तेवढाच रोध मिळवायला पी-चॅनलला मोठा तुकडा लागतो आणि किंमत वाढते. ती द्यावी. आयआरएफ४९०५ मध्ये २० मिलिओहम मिळतात. वाहक मार्गाच्या दोन टोकांपैकी सोर्स बॅटरीच्या धन टोकाला, ड्रेन दिव्याला. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक, म्हणजे कुणी काही सांगितलं नाही तर दिवा बंदच राहील. गेट खाली ओढायला एक छोटा ट्रान्झिस्टर. दिवा चालू असताना त्या रोधकातून जातात १.२ मिलिअँपिअर; कॉइलचे १४० आठवा. गेट आणि सोर्स यांच्यामधला दाब २० व्होल्टच्या पुढे गेला तर ऑक्साइडचा थर फुटू शकतो, म्हणून तिथे १५ व्होल्टचा झेनर (त्याहून जास्त दाब चढू न देणारा डायोड) आणि गेटकडे जाणाऱ्या तारेत एक रोधक हवा. २४ व्होल्टच्या बोटीवर हे टाळताच येत नाही.

उजेड मंद करण्यासाठी दिवा झपाट्याने चालू-बंद करतात. इथे रेडिओचा विचार करावा लागतो. दिव्याची तार आणि व्हीएचएफ अँटेना बऱ्याचदा एकाच डोलकाठीवर असतात, आणि प्रवाहाच्या तीक्ष्ण कडा (एकदम होणारे चढउतार) रेडिओत खरखर आणतात. उपाय म्हणजे गेटच्या वाटेतला रोधक वाढवून कड मुद्दाम संथ करायची. सेकंदाला २०० वेळा चालू-बंद होणारा ४ अँपिअरचा भार असेल आणि प्रत्येक कडेला २० मायक्रोसेकंद दिले, तर जादा उष्णता होते फक्त ०.०६ वॅट. तेच सेकंदाला २०,००० वेळा केलं तर ६ वॅटच्या वर. डोळ्याला २०० पुरतात.

मार्गदर्शक दिवे (इतर बोटींना आपली जागा दाखवणारे) मात्र मंद करू नयेत. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांनुसार ते सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लागलेले असावे लागतात आणि किती अंतरावरून दिसावेत तेही ठरलेलं आहे. मॉसफेट जळाला की तो बहुतेकदा आतून जुळून जातो, म्हणजे दिवा बंदच होत नाही; कधी उलटही घडतं. म्हणून बॅटरीजवळ फ्यूज ठेवावा, आणि या दिव्यांसाठी मॉसफेटला वळसा घालणारं एक साधं हाताचं बटण त्याच फ्यूजवरून जोडावं.