ज्युनियर युरोव्हिजन स्पर्धेतील जॉर्जिया

ज्युनियर युरोव्हिजन ही युरोपातील मुलांची आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा. कॉकेशसच्या दक्षिणेला, काळ्या समुद्राच्या काठी वसलेला जॉर्जिया या स्पर्धेत २००७ मध्ये प्रथम उतरला आणि तेव्हापासून एकाही वर्षी गैरहजर राहिलेला नाही. २००८, २०११, २०१६ आणि २०२४ या चार वर्षी त्याने विजेतेपद मिळवले. चार विजेतेपदांपर्यंत पोहोचलेला तो पहिला देश. २०२५ मध्ये फ्रान्सने त्याची बरोबरी साधली. जॉर्जियाची लोकसंख्या ४० लाखांहूनही कमी. हे ध्यानात घेतले की या यशाचे वजन कळते.

स्पर्धेची सुरुवात २००३ मध्ये कोपनहेगनला झाली. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या संघटनेतर्फे ती भरते, आणि जॉर्जियाचा सहभाग त्या देशाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीमार्फत होतो. सध्या ९ ते १४ वयोगटातील मुले भाग घेऊ शकतात. गाणे नवे हवे, साधारण तीन मिनिटांत संपणारे हवे, त्याचा बराचसा भाग देशाच्या भाषेत असावा लागतो आणि मुख्य गायन रंगमंचावर प्रत्यक्ष करावे लागते. गाणे मुलांनीच रचलेले असावे, असा सुरुवातीला दंडक होता. पुढे तो सैल झाला आणि व्यावसायिक संगीतकारांना दार उघडले. जॉर्जियाने या संधीचे सोने केले.

गाण्याची पार्श्वभूमी

जॉर्जियाचे परंपरागत गायन बहुस्वरी आहे. आपल्याकडे एक गायक रागाचा विस्तार करतो आणि साथीदार त्याच्या मागे राहतात. तिथे तीन स्वतंत्र स्वरपंक्ती एकाच वेळी चालतात आणि त्यांपैकी कुणीही नुसता साथीदार नसतो. काखेती प्रांतातली गाणी खर्जाच्या अखंड स्वरावर तोललेली असतात, तर गुरिया प्रांतात सर्वांत वरचा आवाज ‘क्रिमांचुली’ या गळ्याला झटके देत गाण्याच्या पद्धतीने भरारी घेतो. ‘सुप्रा’ या मेजवानीत ‘तमादा’, म्हणजे पंगतीचा म्होरक्या, एकेका शुभेच्छेसाठी पेला उंचावतो आणि त्यामागून टेबलाभोवतीची मंडळी गाऊ लागतात. अशा पंगतीत वाढणाऱ्या मुलाला आपला सूर सांभाळून दुसऱ्याचा सूर ऐकण्याची सवय वेगळी लावावी लागत नाही. या गायनाला युनेस्कोने २००१ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाचा श्रेष्ठ नमुना म्हणून गौरवले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये आपल्या प्रातिनिधिक यादीत घेतले. त्याआधी, १९७७ मध्ये, काखेतीचे ‘चाक्रुलो’ हे गाणे व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीवर चढून अंतराळात गेले होते.

मुलांच्या व्यावसायिक गायनाची परंपराही सोव्हिएत काळापासून आहे. १९७० च्या दशकात ‘म्झिउरी’ हे मुलींचे वाद्यवृंद-पथक देशभर गाजले. पुढे सोव्हिएत संघात आणि बाहेरही नाव मिळवलेली गायिका तमारा ग्वेर्द्सितेली त्याच पथकात लहानपणी गात असे. मुलांना स्टुडिओत नेऊन मोठ्यांच्या शिस्तीने तालीम द्यायची, ही रीत राजधानी त्बिलिसीत ज्युनियर युरोव्हिजनच्या कितीतरी आधी रुळलेली होती.

पदार्पण आणि मधमाश्यांचे गाणे

पहिल्या वर्षी, रॉटरडॅममध्ये, मरियम रोमेलाश्विली ‘ओदेलिया रानुनी’ हे गाणे घेऊन गेली आणि चौथी आली. पदार्पणासाठी हे उत्तमच होते. पण जॉर्जियाकडे सर्वांचे लक्ष वेधले ते पुढच्या वर्षी.

२००८ ची स्पर्धा २२ नोव्हेंबरला सायप्रसमधील लिमासोल येथे झाली. जॉर्जियातर्फे ‘ब्झिकेबी’ हे त्रिकूट होते: एक मुलगा, दोन मुली, अंगावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे पोशाख. गाण्याचे नाव ‘ब्झ्झ..’. त्यात अर्थ असलेली वाक्ये जवळजवळ नव्हतीच. गुणगुण, भुणभुण आणि मनाने रचलेली अक्षरे यांवर सारे गाणे उभे होते. पहिल्यांदा ऐकताना ही केवळ गंमत वाटते. नीट कान दिला की तिघांचे आवाज एकमेकांत किती काटेकोर बसवले आहेत ते उमगते. एक आवाज ठेका धरतो, दुसरा सूर पुढे नेतो, तिसरा मधूनच घुसून दोघांना छेदतो आणि कुणाचीही जागा चुकत नाही. काखेतीच्या पंगतीतली त्रिस्वरी घडणच इथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या खेळात उतरली होती, असे म्हणायला हरकत नाही. शब्दच नसल्याने भाषेची अडचणही उरली नाही. १५४ गुण मिळवून त्रिकुटाने स्पर्धा जिंकली. दुसऱ्या क्रमांकावरच्या युक्रेनला १३५ गुण होते.

या विजयाला एक वेगळी किनार आहे आणि ती सांगितल्याशिवाय ही नोंद पुरी होणार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉर्जिया आणि रशिया यांच्यात युद्ध झाले होते. शस्त्रे थंडावून चार महिनेही झाले नव्हते, आणि लिमासोलच्या मतदानात रशियाने आपले सर्वाधिक १२ गुण जॉर्जियाच्या मुलांना दिले. मोठ्यांची युरोव्हिजन स्पर्धा २००९ मध्ये मॉस्कोला भरणार होती आणि जॉर्जियाने तिच्यावर बहिष्कार जाहीर केला होता. मुलांच्या विजयानंतर डिसेंबरमध्ये तो निर्णय फिरवण्यात आला. पुढे मात्र निवडलेल्या गाण्यात व्लादिमिर पुतिन यांच्या नावावर श्लेष असल्याचा आक्षेप आला, संयोजकांनी शब्द बदला किंवा दुसरे गाणे द्या असे सांगितले, आणि मार्च २००९ मध्ये जॉर्जियाने माघार घेतली. मुलांनी उघडलेले दार मोठ्यांनी असे चार महिन्यांत पुन्हा लावले.

कँडी ते म्झेओ

त्यानंतर २००९ मध्ये सहावा, २०१० मध्ये चौथा क्रमांक आला आणि ३ डिसेंबर २०११ रोजी आर्मेनियाची राजधानी येरेवानमध्ये दुसरे विजेतेपद. ‘कँडी’ या पाच मुलींच्या गटाचे ‘कँडी म्युझिक’ हे चटकदार, झगमगीत पॉप गाणे १०८ गुणांनी पहिले आले. दुसऱ्या क्रमांकावरच्या नेदरलँड्सपेक्षा ते अवघ्या पाच गुणांनी पुढे होते. २०१२ मध्ये ॲमस्टरडॅमला ‘द फनकिड्स’ दुसरे आले.

या टप्प्यावर जॉर्जियाची एक ठरीव पद्धत बनली होती: मुलांचा गट, विनोदी कल्पना, भडक रंग, पक्का ताल. संगीतकार गिगा कुखियानिद्झे यांचा या घडणीत मोठा वाटा आहे. पहिल्या तिन्ही विजयी गाण्यांचे संगीत त्यांचे. पण ठरीव गोष्टीची धार बोथट होतेच. २०१४ मध्ये लिझी पॉप अकरावी आली आणि २०१५ मध्ये ‘द व्हायरस’ हा गट दहावा.

म्हणूनच २०१६ चे वळण मला या साऱ्या प्रवासात सर्वांत मोलाचे वाटते. माल्टाची राजधानी व्हॅलेटा येथे जॉर्जियाने गट पाठवला नाही, विनोद पाठवला नाही. मरियम ममदाश्विली ही एकटी मुलगी ‘म्झेओ’ हे सूर्याला उद्देशून रचलेले गीत गायली. सुरुवात अगदी हळू, जवळजवळ कुजबुजत. मग आवाज एकेक पायरी चढत जातो आणि शेवटी वरच्या पट्टीत असा खुला लागतो, की तो एवढ्याशा मुलीच्या गळ्यातून येतो आहे यावर विश्वास बसत नाही. आवाजाखेरीज दाखवण्यासारखे दुसरे काही तिला लागलेच नाही. त्या वर्षी प्रेक्षकांचे मतदान नव्हते, निकाल परीक्षकांच्या हाती होता. जॉर्जियाला २३९ आणि शेजारच्या आर्मेनियाला २३२ गुण मिळाले.

यजमानपद

मोठ्यांच्या स्पर्धेत विजेत्या देशाकडे पुढील वर्षीचे यजमानपद जाते. मुलांच्या स्पर्धेत असा रिवाज तेव्हा नव्हता, त्यामुळे पहिल्या दोन विजयांनंतर त्बिलिसीला ती संधी मिळाली नाही. ती २०१७ मध्ये आली. २६ नोव्हेंबरला त्बिलिसीच्या ऑलिंपिक पॅलेसमध्ये १६ देशांची मुले जमली. सूत्रसंचालन हेलेन कलंदाद्झे आणि लिझी पॉप यांनी केले. तीन वर्षांपूर्वी अकरावी आलेली मुलगी आता घरच्या मंचावर पाहुण्यांचे स्वागत करत होती. यजमानांचा ग्रिगोल किप्शिद्झे ‘व्हॉइस ऑफ द हार्ट’ हे गाणे घेऊन उतरला आणि १८५ गुणांवर थांबला. रशियाच्या पोलिना बोगुसेविचला १८८ गुण होते. तीन गुणांनी हुकलेले घरचे विजेतेपद जॉर्जियन रसिकांना बराच काळ सलत राहिले असल्यास नवल नाही.

अलीकडच्या वर्षांत निवडीसाठी ‘रानिना’ हा दूरचित्रवाणीवरील बालगायनाचा कार्यक्रम महत्त्वाचा ठरला आहे. मुले त्यात अनेक भागांतून, वेगवेगळ्या प्रकारची गाणी गात पुढे सरकतात, त्यामुळे एका रात्रीच्या नशिबावर निवड होत नाही. निकाल मात्र चढउताराचे राहिले: २०१९ मध्ये चौदावा क्रमांक, २०२१ मध्ये निकोलोझ कजाया चौथा, २०२२ मध्ये येरेवानला मरियम बिग्वावा तिसरी. १६ नोव्हेंबर २०२४ रोजी माद्रिदमध्ये आंद्रिया पुत्काराद्झे याने ‘टू माय मॉम’ हे आईसाठीचे गाणे जुन्या जॅझच्या झुलत्या लयीत, नाचत नाचत सादर केले आणि चौथे विजेतेपद आणले. गुण पुन्हा २३९.

मोठ्यांच्या स्पर्धेशी तुलना

मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये जॉर्जिया त्याच २००७ साली आला, पण तिथे नवव्या क्रमांकाच्या पुढे जाऊ शकलेला नाही. तो क्रमांकही २०१० आणि २०११ मधला. २०१७ ते २०२३ या काळात तर एकदाही अंतिम फेरी गाठता आली नाही. ‘कँडी’ गटातील इरू खेचानोवी २०२३ मध्ये लिव्हरपूलला देशातर्फे एकटी गायली आणि उपांत्य फेरीतच बाहेर पडली. मोठ्यांच्या स्पर्धेत गाण्याइतकेच शेजाऱ्यांचे मतदान आणि विदेशी गीतकारांच्या टोळ्या बोलतात. मुलांच्या स्पर्धेत तालमीला आणि गळ्याला अजून जास्त वाव आहे, आणि जॉर्जियाचे बळ नेमके तिथेच आहे.

माद्रिदच्या विजयानंतर यजमानपद पुन्हा त्बिलिसीकडे आले. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस, सरकारने युरोपीय संघाच्या प्रवेशाची बोलणी लांबणीवर टाकली आणि राजधानीच्या रुस्तावेली रस्त्यावर निदर्शने सुरू झाली. वर्षभरानंतरही ती थांबली नव्हती. अशा वातावरणात १३ डिसेंबर २०२५ रोजी शहरातील जिम्नॅस्टिक सभागृहात स्पर्धा पार पडली. त्या दिवशी फ्रान्सची लू देल्यूझ ‘स मोंद’ या गाण्यासाठी पहिली आली.