वरचं गाव, खालचं गाव

पावसाळ्यात आमच्या भागातून धुरळणीची गाडी जाते. धुराचे लोट, त्यामागे पळणारी पोरं, धडाधड लागणाऱ्या खिडक्या. गाडी एका वळणापर्यंत येते आणि तिथूनच परत फिरते, कारण पुढची घरं दुसऱ्या हद्दीतली. आमच्या गच्चीवरून त्या घरांची गच्ची दिसते, गच्चीवरचं निळं पिंप दिसतं, पिंपाचं फुटकं झाकणसुद्धा दिसतं. डेंग्यूचा डास जन्मभरात दोन-चारशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. ते पिंप माझ्यापासून तीस मीटरवर आहे.

बेळगावात असं वळण शोधायला लांब जावं लागत नाही. ५८ वॉर्डांची महापालिका, शहराच्या पोटातच कॅन्टोन्मेंट बोर्डाचा कॅम्प, आणि शहराला चिकटून हिंडलगा, कंग्राळीसारख्या ग्रामपंचायती. वेंगुर्ला रोडने थोडं पुढं गेलं की बाची संपतं, शिनोळी लागतं आणि राज्यच बदलतं. सीमाप्रश्न आपण १९५६ पासून बोलतोय, तो इथं उकरत नाही. एकमेकांना खेटून असलेली गावं आपापलं बघून निरोगी राहू शकतात का, एवढंच मला बघायचंय.

याची सगळ्यात लख्ख परीक्षा १८९२ साली जर्मनीत झाली. हंबुर्ग हे स्वतःचं वेगळं सरकार असलेलं श्रीमंत बंदर. त्याला लागून आल्टोना, पण ते प्रशियाच्या राज्यात. मधे ना नदी, ना डोंगर. काही ठिकाणी हद्द म्हणजे नुसता रस्ता: या बाजूची घरं एका राज्यात, समोरची दुसऱ्या राज्यात. आपल्याकडच्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको.

दोन्ही शहरं एल्ब नदीचं पाणी प्यायची. हंबुर्ग शहराच्या वरच्या अंगाला पाणी उचलायचं आणि न गाळता नळाला सोडायचं. आल्टोना उचलायचं ते खालच्या अंगाला, म्हणजे हंबुर्गची सगळी गटारं नदीत मिसळून झाल्यावर. कुणाचं पाणी जास्त घाण, हे शेंबडं पोरही सांगेल. ऑगस्टमध्ये कॉलरा आला. काही आठवड्यांत हंबुर्गमध्ये साडेआठ हजारांहून जास्त माणसं दगावली. आल्टोनात मात्र तुरळक रोगी, आणि त्यातही बरेचसे हंबुर्गमधून रोग घेऊन आलेले. कॉलऱ्याचा जंतू ओळखणारा जर्मन डॉक्टर रोबर्ट कॉख तपासाला गेला तेव्हा हद्दीच्या रस्त्यावर त्याला विचित्र प्रकार दिसला. हंबुर्गच्या बाजूला घरटी आजारी, समोर सगळे ठणठणीत. हवा तीच, जमीन तीच, राहणी तीच. हंबुर्गच्याच हद्दीतला एक मोठा वाडा मात्र त्यातून सुटला. साडेतीनशेच्या आसपास माणसं तिथं राहत होती, आणि त्या वाड्याचा नळ आल्टोनाच्या पाइपाला जोडलेला होता.

आल्टोनाने १८५९ पासूनच पाणी वाळूतून गाळायला सुरुवात केली होती. ही गाळणी चहाच्या गाळणीसारखी नव्हे. जंतू वाळूच्या फटींपेक्षा कितीतरी लहान असतात, नुसत्या वाळूत ते सगळे अडकत नाहीत. पाणी अगदी हळू सोडलं तर काही दिवसांत वाळूच्या माथ्यावर एक बुळबुळीत साय धरते. शेवाळ, निरुपद्रवी जिवाणू, त्यांना खाणारे आणखी बारके जीव, अशी ती जिवंत साय. रोगाचे जंतू तिथंच अडकतात आणि खाल्ले जातात. पुढच्या हिवाळ्यात आल्टोनाची एक गाळणी थंडीने गोठली आणि लगेच तिथंही कॉलऱ्याचे काही रोगी निघाले. म्हणजे खालच्या गावाचा जीव त्या बोटभर सायीवर टांगलेला होता.

आता हिरण्यकेशी बघा. आंबोलीला उगम, मग आजरा, मग गडहिंग्लज, मग हद्द ओलांडून संकेश्वर, आणि पुढं घटप्रभा. गडहिंग्लजला महाराष्ट्राची नगरपालिका, संकेश्वरला कर्नाटकाची. वेदगंगेचंही तेच: भुदरगड, मुरगूड करत ती यमगर्णीला येते आणि निपाणी तिचं पाणी उचलते. पंचगंगेला कोल्हापूर आणि इचलकरंजी भेटतात, नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेत शिरते, आणि ती कृष्णा चिकोडी-अथणीकडे येते. या पट्ट्यात महाराष्ट्राची गावं बहुतेक वरची, आपली खालची. बेळगावचं राकसकोपही असंच. ज्या जलाशयाची पातळी आपण पावसाळ्यात रोज पेपरात फुटांत वाचतो, त्याच्या लगतचं तुडये महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं आहे.

खालच्या गावाने गाळायचं हे खरंच, त्याला सुटका नाही. पण नुसतं गाळून भागत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली. ही ‘हेपॅटायटिस ई’ची कावीळ पाण्यातून येते आणि गरोदर बाईला ती फार जड जाते. शेवटच्या तीन महिन्यांत लागण झाली तर पाचातली एक दगावू शकते. या रोगाची खोड अशी की विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला सरासरी पाच-सहा आठवडे लागतात. पहिला रोगी दवाखान्यात येतो तेव्हा दोष असलेलं पाणी महिन्यापूर्वीच वाहून गेलेलं असतं. नेमकं कधी, कुठं बिघडलं हे कळायचं तर वरच्या गावाची वही उघडावी लागते. गाळणी कधी बंद होती, पाइप कुठं फुटला होता, पाण्यात टाकायची टीसीएल (क्लोरीनची) पावडर कधी संपली होती.

नदी एकवेळ स्वच्छ धरू. शुद्ध केलेलं पाणी तुमच्या नळापर्यंत येतानाच बिघडतं, त्याचं काय? आमच्याकडे आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी येतं. पहिली बादली आई नेहमी झाडांना घालायची. का, असं विचारलं तर म्हणायची, “पाइपातलं असतं ते.” तिला त्यातलं विज्ञान माहीत नव्हतं, पण तिचं बरोबर होतं. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो. बारीक चीर असली तरी पाणी बाहेर पडतं, बाहेरचं आत येत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, दाब उतरतो, आणि त्याच चिरेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या खेपेला तेच सगळ्यात आधी नळातून येतं.

२००८ च्या सुमारास बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी या तिन्ही महापालिकांतल्या काही वॉर्डांत एकाच योजनेखाली चोवीस तास पाणी सुरू झालं. एकाच शहरात चोवीस तासवाले आणि ठरावीक दिवसवाले शेजारी शेजारी, म्हणजे पुन्हा हंबुर्ग-आल्टोनाच की! हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. २०१३ मध्ये छापून आलेले आकडे असे: अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत मैलापाण्याची खूण असलेला ‘ई. कोलाय’ जिवाणू सापडला, चोवीस तासवाल्यांत शंभरात एकाहून कमी. पुढच्या अभ्यासात चोवीस तासवाल्या भागात टायफॉइड कमी दिसला. पोरांच्या साध्या जुलाबात मात्र ठळक फरक दिसला नाही. हेही सांगायला हवं, कारण जुलाब हातातून, माशीतून, अन्नातूनही होतात आणि नळ काही सगळी पापं धूत नाही.

पाणी रोज येत नाही म्हणून आपण पिंप भरतो, आणि इथंच डासाचा संबंध येतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कित्येक महिने कोरडी राहिली तरी मरत नाहीत. पाणी चढलं की फुटतात, आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. नुसतं पाणी ओतून देऊन उपयोग नाही तो यामुळेच. काथ्याने पिंप आतून घासावं लागतं.

डेंग्यूचं स्वतःचं घड्याळ आहे. माणसाला डास चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते सात दिवस. तापाच्या आधीच्या एक-दोन दिवसांपासून पुढचे पाचेक दिवस त्याच्या रक्तात विषाणू असतो. त्या काळात चावलेला नवा डास आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला रोग द्यायला तयार होतो. म्हणजे एका रोग्यापासून पुढच्या रोग्यापर्यंत दोन-तीन आठवडे. आता समजा शिनोळीतला कामगार ताप घेऊन बेळगावच्या दवाखान्यात आला. तपासणी बेळगावात, घर कोल्हापूर जिल्ह्यात. त्याच्या घराभोवतीची पिंपं रिकामी करायची आहेत ती चंदगड तालुक्यात. दवाखान्याचा कागद जिल्हा, मग राज्य, मग दुसरं राज्य, मग खाली तालुका असा फिरत गेला तर त्यातच आठवडा जातो, आणि डासाला तेवढा पुरतो. निपाणीचा रोगी कोल्हापूरला गेला की हाच फेरा उलट्या दिशेने.

असा निरोप वेळेत पोचला तर काय होतं, हे माकडतापात दिसतं. हा ताप १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तो गोचिडीतून येतो. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाळी गावात तो निघाला आणि २०१६ मध्ये तिकडे काजूच्या हंगामाला गेलेले बेळगाव जिल्ह्यातले मजूर तो घेऊन परतले. इथल्या डॉक्टरला रोग कळायला तापमापकापेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगाचा होता: “काजूला गेला होतास काय?” तो प्रश्न सुचायला गोव्यातली बातमी आधी इथं यायला हवी.

शहरांनी आरोग्यासाठी हातमिळवणी करायची कल्पना नवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘हेल्दी सिटीज’ चळवळ १९८० च्या दशकातली. २०१७ पासून जगभरच्या शहरांची आणखी एक भागीदारी चालते, आणि तिच्यात धूम्रपानमुक्तीच्या कामासाठी २०२३ मध्ये बंगळुरूला अथेन्स, व्हँकुव्हरच्या रांगेत पुरस्कार मिळाला. चांगलंच आहे. पण बंगळुरूला व्हँकुव्हरचा डास चावणार नाही. संकेश्वरचा शेजार गडहिंग्लजशी आहे.

आणि दोन राज्यांना एकमेकांशी बोलता येत नाही असं मुळीच नाही. पावसाळ्यात कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती, हे आकडे दोन्हीकडचे पाटबंधारे अधिकारी एकमेकांना देतात. २०१९ च्या महापुराने ती सवय पक्की केली. पुराचा निरोप हद्द ओलांडतो, मग काविळीचा का नको? दोन आरोग्य अधिकाऱ्यांचे फोन नंबर, पत्त्यासकट रोग्यांची रोजची यादी आणि नळाच्या टोकाला क्लोरीन किती उरलं त्याचा आकडा. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवं. ते बघायला पाण्यात दोन थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहायचं, ज्याला ग्रामपंचायतीत ‘ओटी टेस्ट’ म्हणतात. यातल्या कशालाच मंत्र्यांची बैठक लागत नाही.

आमच्या वळणापलीकडच्या काकू परवा गच्चीवरून ओरडल्या, “तुमच्याकडं पाणी आलं काय गे?” मी म्हटलं, आलं, आणि भरायच्या आधी पिंप घासून घेतलं. पिंप का घासायचं ते तीस मीटरवरून ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांनी आपल्या पिंपात वाकून बघितलं आणि पोराला काथ्या आणायला पाठवलं. आता आम्ही दोघी पाण्याच्या दिवशी पिंप घासतो. पाणी त्यांना बुधवारी येतं, आम्हाला शनिवारी.