पडलेले झाड कापणे (सरपणासाठी)

वादळाने किंवा मुळे कुजून उन्मळलेल्या मोठ्या वृक्षाच्या फांद्या उतरवून, खोडाचे ओंडके पाडून व ते फोडून जळण करण्याची रीत. इंदुरात हे काम मुख्यतः वळवाच्या वाऱ्यांनंतर व पावसाळ्यात निघते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून मऊ पडते. उथळ, पसरट मुळांचा गुलमोहर अशा जमिनीत मुळांच्या गड्ड्यासकट आडवा होतो.

ताण व दाब : आडवे झालेले झाड निश्चल दिसले तरी त्याचे वजन फांद्या, कुंपणभिंत किंवा गड्डा यांवर तोललेले असते व तंतूंत जोर साठलेला असतो. खोड दोन्ही टोकांना टेकलेले व मध्ये अधांतरी असेल तर वरच्या अंगाला दाब व खालच्या अंगाला ताण असतो. वरून कापत गेल्यास काप मिटतो आणि करवत आवळली जाते. म्हणून दाबाच्या अंगाने थोडा काप घेऊन उरलेला ताणाच्या अंगाने, म्हणजे खालून, पुरा करतात. एकच टोक टेकलेले असल्यास क्रम उलटतो : आधी खालून, मग वरून. तसे न केल्यास खोड तुटण्याऐवजी लांबीत चिरत जाते. पहिला काप किती खोल असावा याविषयी मतभेद आहेत. जाडीचा एक-तृतीयांश हे प्रमाण पुष्कळदा सांगितले जाते, काही जण एक-चतुर्थांशावर थांबतात. जोर किती आहे याचा अंदाज नसेल तेव्हा कमी खोली अधिक सुरक्षित वाटते. कापाच्या तोंडाकडे सतत पाहणे हा खरा आधार होय. फट केसभर जरी अरुंद होऊ लागली तरी थांबून पाचर ठोकावी. आडव्या दिशेने वाकलेली फांदी तुटताच बाहेरच्या अंगाला उसळते, म्हणून माणसाने वाकाच्या आतल्या बाजूस उभे राहावे. ज्या फांद्यांवर खोड टेकलेले असते त्या सर्वांत शेवटी काढतात.

मुळांचा गड्डा विशेष घातक असतो. खोडाचे वजन सुटताच तो एकाएकी परत खड्ड्यात बसू शकतो, क्वचित उलट बाजूलाही कलंडतो. त्यामुळे खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे कोणी, विशेषतः मुले, नाहीत हे आधी पाहतात आणि गड्ड्याला खोडाचा लांब भाग राखून मगच काप घेतात. झाडात विजेची तार अडकली असेल तर वीज कंपनीने प्रवाह बंद केल्याची खात्री होईपर्यंत झाडाला हात लावू नये. ओले लाकूड वीज वाहून नेते.

साधने : कुऱ्हाड, पाचर, घण, पहार व दोघांनी ओढायची करवत ही जुनी सामग्री. साखळी करवतीच्या (पात्याभोवती फिरणाऱ्या दातेरी साखळीने कापणाऱ्या यंत्राच्या) उगमाविषयी एकमत नाही. 18 व्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन व जेम्स जेफ्री या वैद्यांनी हाड कापण्यासाठी दातेरी साखळी वापरली. तिलाच आद्य रूप मानणारा एक पक्ष आहे. मात्र ती हाताने ओढायची नाजूक साखळी होती आणि लाकूडकामाशी तिचा संबंध दाखवता येत नाही. त्यामुळे जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांचे विजेवर चालणारे यंत्र (1926) व एमिल लेर्प यांचे पेट्रोलवरचे यंत्र (1927) येथून आरंभ धरणे अधिक योग्य ठरते. जोसेफ कॉक्स यांनी 1940 च्या दशकात लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यावरून दात्याचा नवा आकार योजला. आजच्या साखळ्या बहुधा त्याच धर्तीच्या आहेत.

दोघांच्या करवतीला जोर येऊ लागला की तो हाताला कळतो व पाचरेला वेळ मिळतो. यंत्र तो अवधी देत नाही. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला तर यंत्र कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. म्हणून टोकाने कापू नये, यंत्र दोन्ही हातांनी धरावे व खांद्याच्या वर उचलू नये. शिरस्त्राण, चष्मा, कानांचे संरक्षण, जाड बूट व साखळी अडवणारी विजार आवश्यक होत. सैल धोतर, उपरणे, गळ्यातला गमछा घालून हे काम करू नये.

परवानगी : मध्य प्रदेशात नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या परिरक्षणासाठी 2001 चा अधिनियम आहे. रस्त्यावरचे किंवा सार्वजनिक जागेतले पडलेले झाड महापालिकेला कळवल्याशिवाय कापू नये.

फोडणे व वाळवणे : ओंडके ओले असतानाच फोडावेत, साल पाणी धरून ठेवते आणि फोडलेल्या अंगाने ते लवकर निघते. पाण्याचे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली आल्यावर लाकूड नीट जळते, नाहीतर बरीच उष्णता पाणी उडवण्यातच खर्ची पडते. तांब्याच्या बंबाला वीतभर ढलप्या पुरत, चुलीला हातभर फाटे लागत. होळीला व चितेला मोठे ओंडके लागतात. ते टालवाल्यांकडून (लाकडाच्या वखारवाल्यांकडून) घेतात. बाभूळ उत्तम जळण समजतात (उष्मांक किग्रॅ.ला सुमारे 4,800 ते 4,950 किलोकॅलरी). चिंचेचे तंतू गुंतलेले असल्याने ती फोडायला जड जाते. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात व त्याचा धूरही बाधतो, कण्हेर विषारी आहे; ही दोन्ही लाकडे सरपणात घेत नाहीत.