अ‍ॅडापलीन की बेन्झॉइल पेरॉक्साइड? मुरमांच्या दोन ट्यूब आणि त्या लावायची पद्धत

मेडिकलमध्ये "पिंपलची ट्यूब द्या" म्हटलं की या दोघांपैकी कुठलीही हातात पडू शकते. दोन्ही बहुधा पांढरी जेल, त्यामुळे लावायची पद्धतही एकच असणार असं धरलं जातं: मुरूम दिसला की त्यावर ठिपका. बेन्झॉइल पेरॉक्साइडला हे थोडंफार चालून जातं. अ‍ॅडापलीन असं लावून जवळपास काहीच हाती लागत नाही, वर तेवढ्या जागेची कातडी मात्र सोलते.

मुरूम वर दिसण्याच्या कितीतरी आधी त्वचेच्या छिद्रात बनायला लागतो. मृत पेशी चिकटून तोंडाशी बूच बसतं, मागे तेल तुंबतं, त्यात जंतू वाढतात आणि मग लाली, सूज, पू. अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. ते बूच बसू देत नाही, शिवाय सूजही थोडी कमी करतं. बेन्झॉइल पेरॉक्साइड छिद्रात ऑक्सिजन सोडून जंतू मारतं. म्हणून काळे-पांढरे बारीक दाणे जास्त असतील तर अ‍ॅडापलीन, लाल आणि पू धरलेल्या पुटकुळ्या असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड जास्त कामाचं; बऱ्याच चेहऱ्यांवर दोन्ही प्रकार असतात.

ट्यूबवरच्या टक्क्यांची एकमेकांशी तुलना करू नका. अ‍ॅडापलीन ०.१ टक्का म्हणजे सौम्य आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के म्हणजे जहाल, असं अजिबात नाही. ती दोन वेगळी औषधं आहेत. बेन्झॉइल पेरॉक्साइडमध्येसुद्धा १० टक्के घेतल्याने गुण चौपट येत नाही, आग मात्र वाढते. सुरुवात २.५ नेच करावी.

अ‍ॅडापलीन रात्री लावायचं. साध्या फेसवॉशने तोंड धुवा, टॉवेलने टिपा (घासू नका) आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. ओलसर त्वचेत औषध जास्त मुरतं आणि झोंबतं. मग संपूर्ण चेहऱ्यासाठी मिळून एका वाटाण्याएवढी जेल घ्या. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि पातळ पसरवा. आज कोरा दिसणारा गालही सोडायचा नाही, पुढच्या महिन्याचे मुरूम तिथेच तयार होत असतात. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांच्या कडा मात्र सोडा. तिथे आधी पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं तर औषध सरकून जात नाही. वरून मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर मॉइश्चरायझर आधी लावलं तरी चालतं. पहिले दोन आठवडे एक रात्र आड, मग सोसलं तर रोज.

पहिल्या दोन ते चार आठवड्यांत कोरडेपणा येतो, कोंड्यासारखी कातडी निघते, आणि नेहमीच्याच जागी थोडे जास्त मुरूम उठू शकतात. इथेच बहुतेक जण ट्यूब फेकून देतात, आणि याचं खरोखर वाईट वाटतं, कारण गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. पण चेहरा लाल, ताणलेला, चकचकीत दिसत असेल आणि साधं पाणीही झोंबत असेल तर ते "औषध काम करतंय" नव्हे. तीन-चार दिवस पूर्ण थांबा, फक्त मॉइश्चरायझर लावा, मग दर तिसऱ्या रात्रीपासून पुन्हा सुरू करा.

बेन्झॉइल पेरॉक्साइड मुरूम येणाऱ्या सगळ्या पट्ट्यावर पातळ लावायचं, दिवसातून एकदा. जेलने आग होत असेल तर याचंच फेसवॉश घ्या, दोन ते पाच मिनिटं ठेवा आणि धुवा. आधी तीन दिवस जबड्याखाली छोट्या जागी लावून पाहा. काहींना याची खरी अ‍ॅलर्जी असते: खूप खाज, पापण्या सुजणं. मग हे औषध पुन्हा लावायचंच नाही. घसा आवळला किंवा श्वास लागला तर तडक दवाखाना गाठा.

याची दुसरी खोड कपड्यांवर दिसते. निळ्या अभ्र्यावर किंवा कुर्त्याच्या गळ्याशी फिकट नारिंगी ठिपके आले तर ते डाग नसतात, कापडाचा रंगच उडालेला असतो. कितीही घासलं तरी जात नाही. पांढरा टॉवेल, पांढरा अभ्रा वापरा आणि लावल्यावर हात धुवा. उष्णतेत हे औषध विघटित होऊन बेन्झीन तयार होऊ शकतं, म्हणून ट्यूब उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका आणि मुदत संपली की टाकून द्या.

दोन्ही लागणार असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळी, अ‍ॅडापलीन रात्री. एकाच आठवड्यात दोन्ही सुरू केलीत तर आग कशाची हे कळत नाही. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. अ‍ॅडापलीन बेन्झॉइल पेरॉक्साइडसोबत टिकतं, म्हणून दोन्हींची एकत्र ट्यूबही मिळते. साध्या ट्रेटिनॉइनचं (हे दुसरं एक रेटिनॉइड) तसं नाही, बेन्झॉइल पेरॉक्साइडसोबत त्याचा जोर उतरतो.

दिवसा एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवंच. अ‍ॅडापलीन चालू असताना चेहऱ्याला वॅक्सिंग करू नका, मेणासोबत कातडी निघते. गरोदरपणात किंवा मूल होऊ देण्याचा विचार असेल तर अ‍ॅडापलीन लावू नका. खोल, दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडत असतील तर बारा आठवडे वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

ट्यूब घरी आणल्यावर घटकांची ओळ नक्की वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, मुरमांचं औषध नाही. चार दिवस चेहरा सुंदर दिसतो, मग स्टेरॉइडमुळेच मुरूम उठतात आणि त्वचा पातळ होते. ती ट्यूब महिनोन्महिने लावली असेल तर एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो. घेऊन थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि किती दिवस लावली ते खरं सांगा.