साठनंतर थेट तीसच का?

ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत एक प्रश्न विचारला आणि तोच या लेखाचे निमित्त ठरला. तो संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे दिसतात त्याचा, आकडा कायम सुरू ठेवतो. मोकळ्या रस्त्यावर हा आकडा ६० असतो. गाडी गजबजलेल्या बाजारपेठेत शिरली की तो एकदम ३० वर येतो आणि बाहेर पडताच पुन्हा ६० होतो. "मामा, मधला ४५ किंवा ५० कधीच का दिसत नाही?" असे त्याने विचारले. ठाणे स्टेशनजवळच्या ज्या दुकानातून संगणक घेतला, तिथल्या विक्रेत्याने मात्र त्याला सांगितले होते की, माणसाच्या डोळ्याला सेकंदाला चोवीसपेक्षा जास्त चित्रे दिसतच नाहीत, तेव्हा ३० काय आणि ६० काय, सारखेच.

हा समज इतका पसरलेला आहे की, आधी त्याचाच निकाल लावतो. २४ हा आकडा डोळ्याचा नसून चित्रपटाचा आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, तेव्हा आवाज नीट ऐकू यावा म्हणून फिल्मचा वेग एकसारखा ठेवणे भाग पडले आणि सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण रूढ झाले. तेवढ्यावर पडदा लुकलुकतो, म्हणून प्रोजेक्टरची झडप प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा उजळते. डोळ्यात अशी कोणतीही झडप नाही. दृष्टिपटलावर प्रकाश अखंड पडत असतो. पडताळा घ्यायचा असेल तर माउस वेगाने आडवा फिरवून पाहावा. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा बाणाने अर्ध्या सेकंदात पार केला, तर ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवणाऱ्या, मॉनिटरवर तो ३० ठिकाणीच उमटतो, म्हणजे दर ६४ पिक्सेलवर एक, आणि ते सुटे सुटे बाण आपल्याला स्पष्ट दिसतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर हेच अंतर सुमारे २७ पिक्सेल होते आणि हालचाल अधिक सलग भासते. डोळा चोवीसवर थांबत असता, तर हा फरक जाणवलाच नसता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मॉनिटर चित्र एका झटक्यात दाखवत नाही. वरून खाली एकेक ओळ करत ते रंगवतो आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर हे काम सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर १६.६७ मिलीसेकंदांनी करतो. ही चित्रे तयार करणाऱ्या संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाकडे दोन पाट्या आहेत अशी कल्पना करा. एका पाटीवरचे पूर्ण झालेले चित्र मॉनिटर वाचत असतो आणि दुसऱ्या पाटीवर कार्ड पुढचे चित्र काढत असते. मॉनिटर अर्ध्यावर असतानाच पाट्यांची अदलाबदल झाली, तर पडद्याचा वरचा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा येतो, आणि वळणावर विजेचा खांब मधोमध कापल्यासारखा दिसतो. हे चित्र फाटणे टाळण्यासाठी सेटिंग्जमध्ये व्ही-सिंक नावाचा पर्याय असतो. तो सुरू केला की, मॉनिटर शेवटची ओळ संपवून पुन्हा वर जाण्याच्या क्षणीच पाट्या बदलल्या जातात.

खरी गंमत येथे आहे. बाजारपेठेत माणसे, दुकाने आणि सावल्या वाढल्याने एक चित्र काढायला कार्डाला १७ मिलीसेकंद लागले असे समजा. उशीर केवळ एक तृतीयांश मिलीसेकंदाचा आहे, पण अदलाबदलीचा क्षण निघून गेला. ठाण्याहून वाशीला जाणारी लोकल आपली एका सेकंदाने चुकली, तरी थांबावे लागते ते पुढची गाडी येईपर्यंत. येथेही तेच घडते. तयार चित्र ३३.३३ व्या मिलीसेकंदापर्यंत ताटकळते. त्या वेळात कार्ड पुढच्या चित्राला हातही लावू शकत नाही, कारण पहिली पाटी मॉनिटर वाचतो आहे आणि दुसरीवरचे चित्र पुसता येत नाही. उरलेली १६.३३ मिलीसेकंदे ते निव्वळ रिकामे बसते. एका चित्राला नेहमी मॉनिटरच्या वरून खाली रंगवण्याच्या पूर्ण फेऱ्याच मिळत असल्यामुळे वेग ६०, ३०, २०, १५ अशा पायऱ्यांनीच उतरतो, आणि बाजारपेठेत प्रत्येक चित्र थोडेथोडे उशिरा येत असल्याने भाच्याला मधला आकडा दिसत नाही.

तिसरी पाटी दिली तर कार्ड रिकामे बसत नाही. पण तेथेही एक मेख आहे. प्रत्येक चित्राला २० मिलीसेकंद लागत असतील, तर १०० मिलीसेकंदांत पाच चित्रे तयार होतात आणि मॉनिटरच्या फेऱ्या होतात सहा. चार चित्रे एकेक फेरी दिसतात आणि पाचवे दोन फेऱ्या टिकते. कोपऱ्यातला आकडा ५० दाखवतो, पण सेकंदाला दहा वेळा हालचाल अडखळते. म्हणूनच आकड्यापेक्षा प्रत्येक चित्राला लागणारा वेळ पाहावा, असे माझे मत आहे. या दुखण्यावरचा मुळातला उपाय म्हणजे मॉनिटरनेच कार्डाची वाट पाहणे. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले आणि २०१४ मध्ये मॉनिटरची प्रमाणे ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने अडॅप्टिव्ह-सिंक हे प्रमाण आणले. असा मॉनिटर घरी नसेल, तर सावल्यांची गुणवत्ता एक पायरी खाली आणणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. गेमचा वेग वाढवण्याचा दावा करणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या 'गेम बूस्टर' प्रोग्रामवर भरवसा ठेवू नये. मॉनिटरच्या फेऱ्यांचे गणित त्याने बदलत नाही.

भाच्याची दुसरी तक्रार हँडब्रेकची होती. वरचा आणि डावा बाण दाबून धरलेला असताना स्पेसबार लागूच होत नसे. कीबोर्डवर शंभराच्या आसपास बटणे असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र तार देणे परवडत नाही, म्हणून आडव्या आणि उभ्या तारांची जाळी करून प्रत्येक छेदावर एक बटण बसवतात. जाळीतील एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकाच वेळी दाबले गेले, तर वीज वळसा घालून चौथ्या कोपऱ्यातूनही आल्यासारखी भासते. खोटे बटण नोंदवण्यापेक्षा कीबोर्ड तिसरे बटणच नाकारतो, आणि अनेक साध्या कीबोर्डांत वरचा बाण, डावा बाण आणि स्पेसबार ही तिकडी अशीच अडते. प्रत्येक बटणाला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, जोडला की ही अडचण सुटते. बटणांखालच्या रंगीत दिव्यांचा तिच्याशी काही संबंध नाही, तेव्हा केवळ त्यांच्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्ट ही बटणे इतर बटणांबरोबर दाबण्यासाठीच असल्यामुळे त्यांच्या तारा बहुधा वेगळ्या ठेवलेल्या असतात.

त्यामुळे आम्ही गेमच्या कंट्रोल्समध्ये जाऊन हँडब्रेक डाव्या शिफ्टवर नेला आणि सावल्या 'हाय'वरून 'मीडियम'वर आणल्या. बाजारपेठेत आकडा ६० वर टिकला आणि गाडी वळणावर हवी तशी घसरली. एक काम मात्र उरले होते. शिफ्ट सलग पाच वेळा दाबले की विंडोज 'स्टिकी कीज' सुरू करायची का, असे विचारते. दोन बटणे एकत्र दाबणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी ती मोलाची सोय आहे. आम्ही फक्त तिचा पाच वेळा शिफ्टचा शॉर्टकट बंद केला.