‘मराठी’च्या जागी पाच प्रश्नचिन्हं : पीएचपी-मायएसक्यूएलमधल्या जुन्या घोळाची पार्श्वभूमी

पीएचपी या वेब-प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली एखादी जुनी मराठी साइट नव्या सर्व्हरवर हलवली की बऱ्याचदा दोनपैकी एक प्रकार होतो. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी पाच प्रश्नचिन्हं येतात, नाहीतर भलत्याच युरोपीय अक्षरांची लांबलचक रांग. दोन्ही बघून पोटात सारखाच गोळा येतो, पण दुखणी वेगळी आहेत. प्रश्नचिन्हं टेबलातच साठली असतील तर मजकूर गेला, बॅकअप शोधायला लागायचं. युरोपीय कचरा दिसत असेल तर मजकूर बहुधा शाबूत असतो.

मूळ १९९५ सालात आहे. रास्मुस लेरडॉर्फने जूनमध्ये पीएचपी सगळ्यांसाठी खुली केली आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर सुरू झालं. दोघांच्या लेखी एक अक्षर म्हणजे एक बाइट. मायएसक्यूएलचा ठरलेला अक्षरसंच (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता) होता पश्चिम युरोपीय भाषांचा लॅटिन-१ आणि वर्णक्रम चक्क स्वीडिश. पुण्यात बसून टेबल बनवलं तरी, वेगळं काही सांगितलं नाही तर, नावं स्वीडिश क्रमाने लागायची. ही सवय थेट २०१८ सालच्या ८.० आवृत्तीपर्यंत टिकली.

सुरुवातीला आपल्याला त्याचा त्रास झाला नाही, कारण तेव्हा श्रीलिपी, आकृतीसारखे फॉन्ट चालायचे. लॅटिन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले. डेटाबेसला सगळं लॅटिनच वाटायचं. जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणारं युनिकोड आलं आणि ते क्रमांक बाइटांत लिहायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं झालं. बाइट लिहायच्या सोळा अंकांच्या (हेक्स) पद्धतीत ‘म’ म्हणजे ई०, ए४, एई. हेच तीन बाइट लॅटिन-१ समजून वाचले तर डोक्यावर तिरपी रेघ घेतलेला ‘ए’, चलनाचं गोल चिन्ह आणि वर्तुळातला ‘आर’ दिसतो. पानभर तीच दोन-तीन चिन्हं पुन्हापुन्हा दिसली की समजावं, आत देवनागरी आहे.

२००४ मध्ये मायएसक्यूएल ४.१ ने प्रत्येक कॉलमला आणि प्रत्येक कनेक्शनला (म्हणजे डेटाबेसशी होणाऱ्या जोडणीला) स्वतंत्र अक्षरसंच दिला. सोय चांगली, पण पीएचपीचं कनेक्शन, कुणी ‘सेट नेम्स’ ही जोडणीचा अक्षरसंच ठरवणारी आज्ञा लिहिली नाही तर, सहसा लॅटिन-१ वरच राहायचं. पान यूटीएफ-८, कनेक्शन लॅटिन, कॉलमही लॅटिन. ‘म’ आत जाताना तीन लॅटिन अक्षरं म्हणून जायचा आणि तसाच बाहेर यायचा. ब्राउझर ते तीन बाइट जोडून पुन्हा ‘म’ दाखवायचा. चुकीवर चूक बसून हिशेब बरोबर यायचा, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ताच लागला नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ ने डेटाबेसशी बोलायचं जुनं मायएसक्यूएल एक्स्टेन्शन काढून टाकलं. लोकांनी कोड मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ या त्याच्या नव्या पर्यायांवर नेला, कनेक्शनवर शहाण्यासारखं यूटीएफ-८ लिहिलं, आणि झाकलेलं सगळं उघडं पडलं. इथे घाईने कॉलमचा अक्षरसंच थेट बदलला तर मायएसक्यूएल तो कचराच इमानेइतबारे यूटीएफ-८ मध्ये उतरवतं. आधी कॉलम ब्लॉब (अक्षरसंच नसलेले निव्वळ बाइट) करायचा, मग यूटीएफ-८ टेक्स्ट. त्याआधी बाइट उघडे करून दाखवणाऱ्या ‘हेक्स’ फंक्शनने एक ओळ बघायची : ई०ए४ ने सुरुवात असेल तर बाइट जसेच्या तसे आहेत, सी३ए० असेल तर आधीच कुणीतरी दुहेरी रूपांतर करून ठेवलंय, आणि ३एफ ३एफ असेल तर ती प्रश्नचिन्हंच.

दुसरी भानगड मापाची. टेक्स्ट कॉलममध्ये ६५,५३५ मावतात ते बाइट, अक्षरं नव्हेत. देवनागरीत ती २१,८४५ चिन्हं होतात, त्यातही काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. एकटा ‘क्ष’ नऊ बाइट खातो. लांबलचक दिवाळी अंकाची कथा शेवटच्या परिच्छेदात, तेही शब्दाच्या मध्येच, तुटलेली मी पाहिली आहे. जुनं मायएसक्यूएल जास्तीचा मजकूर छाटायचं आणि फक्त एक वॉर्निंग ठेवायचं, जी पीएचपीत कुणी विचारायचं नाही. २०१५ च्या ५.७ पासून कडक मोड मुळातच चालू असतो आणि ‘डेटा टू लाँग’ म्हणून गाडी थांबते. या एररला लोक शिव्या घालतात. मला तरी गुपचूप कापण्यापेक्षा ती परवडते.

मायएसक्यूएलच्या ‘यूटीएफ८’ नावातही फसवणूक आहे. त्यात एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात. मराठी बसते, पण हात जोडलेला इमोजी चार बाइटांचा. कडक मोड नसेल तर त्याच्यापासून पुढचा अख्खा मजकूर गायब. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेली मोडी लिपीसुद्धा चार बाइटांचीच. त्यासाठी २०१० च्या ५.५ मध्ये ‘यूटीएफ८एमबी४’ आलं. पण तेव्हा इंडेक्सची (शोध जलद करणाऱ्या सूचीची) मर्यादा ७६७ बाइटांची होती, आणि नेहमीच्या २५५ अक्षरांना चाराने गुणलं की १,०२० होतात. जुन्या स्कीमांमध्ये (टेबलांच्या आराखड्यांत) ‘व्हारकॅर १९१’, म्हणजे जास्तीत जास्त १९१ अक्षरांचा कॉलम, असा विचित्र आकडा दिसतो तो ७६७ ला चाराने भागून आलेला.